हिरव्या काठाचे चट्टे

१

"आधीचं गवत का मेलं ते शोध, मग नवं बी टाक," तिची आई फोनवर म्हणाली होती. "नाहीतर परत पेरशील आणि परत रडशील."

"हो गं आई," असं म्हणून तिनं फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला होता आणि चिमणीच्या तोंडातून मोजा ओढून काढला होता. चिमणी म्हणजे तिची रांगती लेक. पोर रांगायला लागलं की आईचे कान पोराला बांधलेले असतात, सल्ले ऐकायला ते मोकळे नसतात. शिवाय हिरवळीवर टक्कल पडलंय, त्यात शोधायचं काय? उन्हानं करपलं असेल. खरवडा, पेरा, पाणी घाला.

मागच्या दारासमोर अंगण होतं, आणि चिमणीला रांगायला म्हणून त्या अंगणाची हिरवळ केलेली होती. तिच्यात दोन करडे चट्टे पडले होते. तिनं मेलेलं गवत दाताळ्यानं खरवडलं, माती बोटभर सैल केली, चाळलेलं खत मिसळलं, बी फेकलं. मग वर फळी ठेवून तिच्यावर उभी राहिली, म्हणजे बी मातीला चिकटतं. वरून पेंढ्याचा पातळ थर, आणि कोणी पाय देऊ नये म्हणून चार खुंट्यांना सुतळी.

सुतळी धरायला सासरे होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत.

"सूनबाई, बी पडलं का नीट? मला आपलं सगळं धुरकट दिसतंय."

"चष्मा बदला आप्पा."

"बदलू. आधी ते पाणी इकडे दे." आणि झारीत पाणी भरायच्या आधीच त्यांनी नळी तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायले. मग एका हातानं विजार सावरत हसले. "गवताला काय घाई आहे?"

बी उगवलं. चिमणीच्या डोक्यावर जावळ आलं होतं अगदी तसं, मऊ आणि विरळ. ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते बघायला जायची.

आणि एका सकाळी ते मेलेलं होतं. सुकलेलं नव्हे, भाजल्यासारखं. सुतळी जागच्या जागी, खुंट्या जागच्या जागी, पेंढाही कुणी विस्कटलेला नाही. आत मात्र सगळे कोंब करडे होऊन आडवे पडलेले. शेजारी, जिथे काल धडधाकट गवत होतं, तिथे तिसरा चट्टा.

ती बघतच राहिली. तेवढ्यात मागून चिमणी खुदकन हसली. दार उघडं राहिलं होतं. ती रांगत बाहेर आली होती, नव्या चट्ट्याच्या काठावर बसली होती, आणि मूठ तोंडात होती.

आईनं मूठ ओढून उघडली. आत मेलेलं गवत होतं. आणि चिमणीच्या ओठांवरून मुंग्या चालत होत्या.

२

तिनं चिमणीला उचलून नळाखाली धरलं, तेव्हा चिमणीपेक्षा जास्त पाणी तिच्याच अंगावर उडलं. तोंड धुतलं, जीभ पुसली, बाळांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, खेळतेय ना, दूध घेतेय ना, मग लक्ष ठेवा. चिमणी खेळत होती, दूध घेत होती, आणि वर आईच्या नाकात बोट घालत होती.

पण आईच्या डोक्यात एकच शब्द बसला होता. विष. कुणीतरी, तिची पोर जिथे तोंड घालते नेमकं तिथेच, काहीतरी ओततंय. आणि कोण ओततंय हे कळेपर्यंत तिला एक घासही गोड लागणार नव्हता.

पहिला संशय कुंपणापलीकडे गेला. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. बाईंचा कुत्रा, भुंगा, कुंपणाच्या भोकातून इकडे यायचा हे जगजाहीर होतं, आणि कुत्रा जिथे पाय वर करतो तिथे गवत जळतं हेही.

"बाई, तुमचा भुंगा कुठे आहे?"

"का, हजेरी घ्यायचीय?"

"माझी हिरवळ जळतेय. पोर तिथे खेळते."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग दार सताड उघडलं. भुंगा दिवाणखान्यात पडला होता, गळ्याभोवती, टाके चाटू नयेत म्हणून, दुधी प्लॅस्टिकची मोठी फनेल. पाय शिवलेला.

"गच्चीवरून उडी मारली मूर्खानं. तेव्हापासून उंबरठा ओलांडलेला नाही. मीच उचलून पुढच्या दारी नेते, म्हातारपणात हे व्यायाम. आरोपी सुटला का?"

तिला ओशाळल्यासारखं झालं. नवा चट्टा तर कालपरवाचा होता.

"आणि तो तुमच्याकडे यायचा तो गवतासाठी नव्हे," बाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांच्या बिस्किटांसाठी. त्यांना म्हणावं, खिडकीत बसून माझ्या कुत्र्याला बिघडवू नका. आणि तुझ्या त्या गवत कापणाऱ्याला विचार. त्याच्या यंत्रातून पेट्रोल गळतं. माझ्या फरशीवर अजून डाग आहे."

गवत कापणाऱ्यानं कानावर हात ठेवले. "वहिनी, यंत्र गळतं ते खरं. पण मी कापायला आलोय कधी? तुम्हीच म्हणालात ना, नवीन पेरलंय, बोलावेपर्यंत येऊ नका." मग जरा घुटमळला. "खोटं कशाला बोलू, पण अडगळीच्या खोलीत मी यंत्र ठेवायचो ना, तिथे रंगाच्या डब्यांमागे एक बाटली आहे. माझी नाही ती. साहेबांनी ठेवलीय. मला म्हणाले होते, वहिनींना बोलू नकोस."

साहेब म्हणजे तिचा नवरा.

३

बाटली होती. झाकण चिकट, अर्धी रिकामी, आणि लेबलवर ठळक अक्षरांत: तणनाशक. मुलांपासून दूर ठेवा.

तिला आधी राग आला नाही. आधी ती रंगाच्या डब्यावर बसली. घराला कड्या-कुलपं लावायची, स्टुलाच्या कोपऱ्यांना कापूस बांधायचा, पोरीनं गिळली नाहीत ना म्हणून बटणं मोजायची, आणि हे?

नवरा संध्याकाळी घरात शिरला तेव्हा बाटली जेवणाच्या टेबलावर मधोमध होती.

त्यानं बूट काढता काढता पाहिलं आणि एक बूट हातातच राहिला. "ते मी फरशीच्या फटींत मारलं होतं. गवत वर येत होतं म्हणून. चिमणी रांगायला लागायच्या आधी."

"मग लपवलं का?"

"तू साबणसुद्धा वास घेऊन घरात आणतेस. हे दिसलं असतं तर बाटलीबरोबर मलाही बाहेर ठेवलं असतंस."

"आणि हिरवळीवर?"

"वेडी आहेस का? माझी मुलगी आहे ती!"

आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पेंगत होते. आवाज वाढला तसा पेपर खाली घसरला. "भांडू नका रे. मी दिवसभर इथेच तर असतो, ठेवीन लक्ष. चोर पकडून देतो सूनबाईला." मग तांब्या उचलला, हलवला, रिकामा होता. "जरा पाणी आण रे."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा तिला मोह झाला. पण चेहऱ्यावर किती दिवस विश्वास ठेवायचा? ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकली होती. तेव्हा तिला कुणी शिकवलं असेल तर एवढंच, की शंका आली तर शेजारी दुसरी परीक्षानळी ठेवा.

पाण्याच्या टाकीमागे कुणी फिरकत नाही असा गवताचा तुकडा होता. तिथे एका जागी तिनं तणनाशक ओतलं, आणि पलीकडे गवत कापणाऱ्याकडून आणलेलं थोडं पेट्रोल. दोन्हीभोवती विटा मांडल्या. आणि वाट बघितली. तोवर मागचं दार बंद. चिमणी काचेला नाक लावून बाहेर बघायची आणि किंचाळायची, काचेवर तिच्या ओठांचा ओला गोल उमटायचा.

नवरा कामानिमित्त परगावी गेला. जाताना म्हणाला, "मी नसताना एखादा चट्टा पडला, तर निदान मी सुटेन." थट्टेत म्हणाला. ती हसली नाही.

तो परगावी असतानाच चौथा चट्टा पडला.

४

ती चौथ्या चट्ट्याशी उकिडवी बसली. कुत्रा घरात, गवत कापणारा फिरकलेला नाही, नवरा गावात नाही. तिघंही निर्दोष, मग चौथा कोण? कुंपण उंच होतं, फाटकाला कुलूप होतं. बाहेरचं कुणी येत नव्हतं.

मग तिला ते दिसलं. रोज दिसत होतं, पाहिलं मात्र आज. चट्टा मध्ये करडा होता, पण काठाला गवत काळंभोर हिरवं, दाट, बाकीच्या हिरवळीपेक्षा चांगलं बोटभर उंच.

ती टाकीमागे धावली. तणनाशकाचा डाग फिकट पिवळा, काठापासून काठापर्यंत सारखा. पेट्रोलचा डाग कागद जाळल्यासारखा, कड स्वच्छ कापलेली. हिरवा काठ दोन्हीला नाही. विष काठाला गवत पोसत नाही.

पोसतं ते खत. युरियाची मूठ जास्त पडली तर मध्ये जळतं, आणि कडेला जिथे पातळ पोचतं तिथे तरारतं. म्हणजे इथे कुणी विष ओतत नव्हतं. कुणीतरी युरिया ओतत होतं. किंवा ज्यात युरिया असतो असं काहीतरी. पण कुत्रा तर घरात बांधलेला!

ती आत गेली. चिमणी उंच खुर्चीत बसून दूध पीत होती, म्हणजे सांडत होती. आई दिसताच तिनं आनंदानं कप भिरकावला. दूध फरशीवर पसरलं. ती फडकं घेऊन वाकली, आणि पुसायला टेकवलेला हात तसाच थांबला.

दुधाचा डाग गोल नव्हता. खुर्चीकडे निमुळती शेपटी, पलीकडे पसरट तोंड. मोठ्या चमच्यासारखा.

चट्टेही असेच होते. चारही. गोल नाहीत. ओतलेलं गोल पडतं; भिरकावलेलं असं पडतं. आणि शेपटी नेहमी भिरकावणाऱ्याकडे असते.

चिमणीला कडेवर घेऊन ती बाहेर धावली. खुंट्यांची सुतळी सोडली. पहिल्या चट्ट्याच्या तोंडापासून शेपटीवरून सरळ ताणली, पुढे, पुढे, भिंतीपर्यंत. तिथे दगड ठेवला. दुसरी सुतळी. तिसरी. चौथी. कडेवरून चिमणी दोऱ्या ओढायला झेपावत होती.

चारही दोऱ्या भिंतीपाशी एकाच जागी येऊन मिळाल्या. वर खिडकी होती.

आप्पांची खिडकी.

५

तिच्या पायाखालची जमीन हलली ती तेव्हा. आप्पा? सुतळी धरणारे आप्पा? चोर पकडून देतो म्हणणारे?

मन एकदा घसरलं की कुठेही जातं. हिरवळ व्हायच्या आधी इथे आप्पांचा भाजीचा वाफा होता. सासूबाई होत्या तोवर दोघं मिळून तो करायचे. चिमणीसाठी वाफा मोडायचा ठरला तेव्हा आप्पा हसून म्हणाले होते, "मोडा की. भाजी बाजारात मिळते, नात नाही मिळत." ते हसणं खरं होतं ना? की आत कुठेतरी सलत होतं, आणि ते असं बाहेर पडत होतं, पोर खेळते त्याच मातीवर?

ती तरातरा खिडकीखाली गेली. बोलायचे शब्द तोंडात तयार होते, आणि ते चांगले नव्हते.

भिंतीवरून मुंग्यांची रांग चढत होती.

खालून, शेवटच्या चट्ट्यापासून निघून, भिंतीवरून, गजांतून आत. खिडकीच्या कट्ट्यावर एक रुंद तोंडाची बरणी पालथी घातलेली होती. स्वयंपाकघरातून केव्हाची हरवलेली बरणी. धुतलेली दिसत होती, पण नीट नव्हे. बरणीच्या काठाभोवती मुंग्यांचा काळा गोफ झाला होता.

तिनं बरणी नाकाशी नेली आणि झटकन दूर केली. लघवी.

म्हणजे युरिया. म्हणजे हिरवा काठ. तेवढं सुटलं. पण मुंग्या? नुसत्या लघवीला कोण मुंगी विचारते? चिमणीच्या दुपट्यांना कधी मुंगी लागली नव्हती. मुंग्या येतात त्या एकाच गोष्टीला.

साखरेला.

आणि मग एकामागून एक, कुणी पत्ते उलटे करत जावं तशी, ती सगळी दृश्यं तिच्यासमोर पडत गेली. नळीला लागलेलं तोंड. सदा रिकामा तांब्या. धुरकट दिसणारं बी. विजार सावरणारा हात; ती घसरत होती, कारण आतला माणूस आटत चालला होता. पेपराखालची ती झोप. तिनं यातलं सगळं पाहिलं होतं. एवढी डोळ्यांत तेल घालून बसलेली आई, आणि ते तेल सगळं एकाच पोरावर!

"आप्पा!" तिनं गजांतून हाक मारली.

उत्तर नाही.

"अहो आप्पा!"

आतून पंख्याचा आवाज येत होता, आणि त्याच्याखाली घशात अडकत चाललेला एक श्वास.

६

दार लोटलेलंच होतं. आप्पा पलंग आणि खुर्चीच्या मध्ये जमिनीवर बसले होते, पाठ पलंगाला टेकलेली, चष्मा एका कानावर लोंबणारा. डोळे अर्धे उघडे. ओठ फुटलेले, जीभ लाकडासारखी कोरडी.

"आलीस का गं?" ते म्हणाले. पण ते तिच्याशी बोलत नव्हते. ते सासूबाईंशी बोलत होते. "वाफ्याला पाणी द्यायचं राहिलं."

तिच्या तोंडून किंकाळी निघाली, ती बाईंनी कुंपणापलीकडून ऐकली. बाई पुढच्या दारानं, स्लिपर एकाच पायात घालून धावत आल्या, एका नजरेत सगळं पाहिलं, आणि शाळा भरल्यासारखा आवाज काढला: "पोर माझ्याकडे दे. तू रुग्णवाहिकेला फोन लाव. रडायचं नंतर!"

इस्पितळात नर्सनं आप्पांच्या बोटाचा थेंब यंत्राला लावला. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही, नुसतं दाखवलं की आपल्या मोजण्यापलीकडे आहे. नर्सनं दुसरं यंत्र आणलं. त्यानंही तेच सांगितलं.

"मधुमेह कधीपासून आहे यांना?" तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावता लावता विचारलं.

"नाही. म्हणजे... माहीत नव्हता."

"पाणी फार प्यायचे का? रात्री सारखे उठायचे?"

"उठत नव्हते," ती म्हणाली, आणि तिला बरणी आठवली. उठत होते. फक्त दार उघडत नव्हते.

"आज दुपारपर्यंत तसेच राहिले असते, तर मी काही सांगू शकले नसते," डॉक्टर म्हणाल्या. "आताही रात्र जाऊ दे. तुम्हाला कळलं कसं?"

काय सांगणार? गवतावरून, म्हणून सांगितलं. हिरव्या काठावरून, शेपट्यांवरून, मुंग्यांवरून. डॉक्टरांनी हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहिलं. ते कौतुक तिला सोसवलं नाही. एवढा हुशार तपास, आणि गुन्हेगार भिंतीपलीकडे मरत होता.

नवरा परगावाहून थेट इस्पितळात आला, दारातच उभा राहिला, आणि लहान मुलासारखा विचारू लागला, "आप्पा बोलतील ना? बोलतील ना?"

आप्पा बोलले, पण दुसऱ्या दिवशी, उन्हं खिडकीत आल्यावर. आधी पाणी मागितलं. मग सून शेजारी बसलेली दिसली, तशी मान भिंतीकडे वळवली. कान लाल झाले होते.

"बरणी सापडली वाटतं."

"आप्पा, संडास चार पावलांवर आहे. का असं केलंत?"

"संडासाची भिंत पोरीच्या पाळण्याला लागून आहे. पाणी सोडलं की धबधबा होतो. एकदा उठली की तू तासतास तिला घेऊन फेऱ्या मारायचीस. मला ऐकू यायचं." त्यांनी ओठ ओले केले. "मला आपलं सारखं लागायचं. कितीदा उठवू पोरीला? सकाळी बरणी घेऊन तुझ्यासमोरून जायची लाज वाटायची. उजाडायच्या आत फेकून द्यायचो. गवत मरतंय ते माझ्यामुळे, हे मला काय ठाऊक? मला दिसतंय कुठे?"

"पण सांगायचं तरी! मी रोज विचारत होते ना, आप्पा, बरे आहात ना?"

"विचारायचीस की. आणि मी रोज म्हणायचो, बरा आहे."

"मग?"

आप्पांनी मान परत तिच्याकडे वळवली. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हेच फार वाईट होतं.

"तू दारातून विचारायचीस गं. पोर कडेवर, एक पाय बाहेर. घाईत असलेल्या माणसाला 'बरा आहे' याहून लांब उत्तर कसं द्यायचं?"

तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली, खुर्चीचे पाय फरशीवर खरखरले. पर्स खाली ठेवली. फोन पर्सच्या तळाशी घातला.

"बरं, आता मला घाई नाही," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."

आप्पा हळूहळू सांगू लागले, आणि ते सांगणं लांब होतं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात, किंवा फोनच्या दुसऱ्या टोकाला, असं एक माणूस असेल, जे विचारलं की लगेच 'बरा आहे' म्हणतं. आत्ता उठा आणि त्याच्याकडे जा. उंबरठ्यावरून विचारू नका. आत जाऊन, जागा करून, बसा.